वारा किनाऱ्यावरून

गोठलेल्या पेइप्सी तळ्याकाठच्या दुकानात गळाच्या अळ्या घ्यायला कॅर्ट रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारा हेइनो आणि त्याची शेजारीण माइमू.

"वारा फिरलाय, माइमू. किनाऱ्यावरून आत वाहतोय. जावयाला बर्फावरून परत बोलाव."

"दोनदा फोन केला, हेइनोभाऊ. मासा लागतोय म्हणे, हलत नाही."

"बर्फाला चीर गेली की अख्खा तुकडा आत सरकेल, माणसांसकट. आपल्या वेळी वीसेक जण असायचो. वारा फिरला की एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी गळ गुंडाळायचे."

"मधे तर वर्षानुवर्षं कुत्रंही फिरकत नव्हतं तिकडे. आता शहरातून चारशे आलेत. गरम तंबूत बसल्यावर वारा कळणार कसा?"

"पुन्हा लाव फोन."

माइमू फोनवर थोडंच बोलली.

"काय म्हणाला?"

"म्हणतो, धोका असता तर चारशे माणसं बसली असती का?"

"आणि ती चारशे काय म्हणतात?"

"तीही तेच म्हणतायत."

हेइनोनं अळ्यांची डबी परत फळीवर ठेवली.

"तुमची होडी अंगणातच आहे ना? चल, तिच्यावरचं बर्फ झाडू."