क्रेगच्या हिवाळ्याचे पैसे

...आणि वर ती वीज-गॅस कंपनीतली पोरगी मला फोनवर गोड आवाजात विचारते, "मग राहू देत ना आमच्याकडेच? हिवाळ्यासाठी?" हिवाळ्यासाठी! अहो, कुणाच्या हिवाळ्यासाठी? ज्याच्या नावावर पैसे आहेत तो मार्चमध्येच गेला, बसथांब्यावर, काखेत जेवणाचा डबा धरून, आणि ह्या त्याचा पुढचा हिवाळा सांभाळत बसल्यात! पण हे मी तिला बोललो का? नाही बोललो. तिथेच तर सगळी माती झाली.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल, ह्या कीरनचं नेहमीचंच, तोंड आधी आणि डोकं मागाहून.

आमचा थोरला भाऊ, क्रेग. क्रेग ब्लँचर्ड. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवला. ग्रिम्सबीच्या गोदीवर माशांच्या शीतगोदामात कामाला. दिवसभर गोठलेल्या माशांत उभा राहायचा, भुवयांवर बर्फ घेऊन घरी यायचा, आणि घरी काय? घरीही शीतगोदामच! ऑक्टोबर संपताना इथे अख्ख्या देशाची घड्याळं तासभर मागे नेतात ना, तोवर आमच्या घरात हीटरला हात लावायचा नाही. कायदा! "क्रेग, बोटं निळी पडली रे." "मग अजून एक स्वेटर आहे की!" बरं, घड्याळं मागे गेली, आता तरी लावशील? "डिसेंबर तर येऊ दे." डिसेंबर आला. "अरे, अजून जानेवारी यायचाय." तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या कॅलेंडरात थंडी कधी आलीच नाही, कायम यायचीच होती!

आणि वीज-गॅसची कंपनी मात्र दर महिन्याला बँकेतून परस्पर ठरलेले पैसे कापून घेणार. उन्हाळ्यातही तेवढेच, हिवाळ्यातही तेवढेच. का? तर उन्हाळ्यात जास्तीचे साठतात, हिवाळ्यात वापरून होतात. वापरणार कोण? हा? साठले, साठले, चारशे पौंडांच्या वर गेले. आणि तो गेल्यावरही कापणं चालूच! बँकेलाही मी काही कळवलं नव्हतं, शेवटचा पगार पडून होता, त्यातून बिचारा महिन्याच्या महिन्याला बिल भरतोय. मेलेला माणूस वेळेवर बिल भरतोय आणि जिवंत मी, माझा मोबाइल बिल थकून दोनदा बंद झाला!

शेजारची मॉरीन म्हणाली, "अरे राजा, ते पैसे काय कंपनीच्या बापाचे आहेत? क्रेगचे आहेत. माग की!" आणि माझ्या मनात एक होतं. क्लीथॉर्प्सला समुद्रासमोर बाकं आहेत, त्यांवर गेलेल्या माणसांची नावं पितळेच्या पट्टीवर लावतात. रविवारी तो तिथे बसून चिप्स खायचा. जूनमध्ये. कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून. म्हटलं, एक पट्टी लावू त्याच्या नावाची.

पण मला फोनची भीती वाटते हो. हसू नका. मार्चमध्ये ते फोनवरच कळलं ना... तेव्हापासून नुसता वाजला तरी उशीखाली सरकवतो. तरी लावला. आधी यंत्र बोललं, एक दाबा, दोन दाबा, मग म्हणालं, हे संभाषण रेकॉर्ड होत आहे. झालं! मग थांबा म्हणून बाजा. बाजा वाजतोय, वाजतोय, आणि एकदम ती पोरगी, "नमस्कार, मी टॅमसिन! मी खातेदाराशीच बोलतेय ना?"

आणि मी म्हणालो, हो.

का म्हणालो? मला काय माहीत का म्हणालो! 'नाही' म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, मग खातेदार कुठेत? आणि 'गेला' हा एक शब्द, तो मी तोवर कुणालाच माझ्या तोंडाने सांगितला नव्हता. मॉरीनने सांगितला सगळ्यांना. म्हणून 'हो' निसटलं. तिने जन्मतारीख विचारली, मी त्याची सांगितली. मग म्हणते कशी, "वा, क्रेग! कसे आहात आज?"

तुम्हीच सांगा, काय उत्तर द्यायचं? म्हटलं, "बरा आहे." अंगावर सर्रकन काटा आला. पण खोटं कशाला बोलू, आतून कुठेतरी बरंही वाटलं. अख्ख्या इंग्लंडात एक तरी जागा होती, जिथे आमचा क्रेग बरा होता!

मग ते हिवाळ्यासाठीचं पुराण. मी म्हटलं नको, परत द्या. तर म्हणे मीटरचा आकडा सांगा. मीटर जिन्याखालच्या कपाटात, त्याच्या कोटांच्या मागे. कोटांत तोंड खुपसून आकडा वाचला, अजून माशांचा वास येतो त्यांना. तर ती म्हणते, "क्रेग, इतका कमी वापर आमचा संगणक मान्यच करत नाही. आमचा माणूस घरी येऊन बघेल. फक्त खातेदाराने स्वतः घरी थांबायचं, ओळखपत्र घेऊन!"

खातेदाराने स्वतः! घरी! आता कुठून आणू? माझी झोप उडाली. रेकॉर्ड झालंय, पोलीस येणार, तुरुंग... तिथे निदान हीटर तरी असेल, पण तरी! मॉरीन म्हणते, "त्याचा स्वेटर घाल. नाक तर सारखंच आहे तुमचं." मी म्हटलं, "अगं, तो चाळिशीचा होता!" "मग जरा वाकून उभा राहा."

वाकलो. दार उघडलं. हा एवढा धिप्पाड माणूस, छातीवर नावाची पट्टी, नेव्हिल. "ब्लँचर्ड?" "हो." "क्रेग ब्लँचर्ड?" तोंड उघडलं तर वाफ आली. नुसती मान हलवली. तो आत आला, कपाटात शिरला, मीटर बघितला, कोट बघितले. एक कोट हातात धरून नुसता उभा. मला वाटलं, आता वळणार, आता बेड्या... मी कंपनीच्या लोकांजवळ बेड्या नसतात हेसुद्धा विसरलो!

वळला. म्हणाला, "तुझा क्रेग आणि मी शीतगोदामात एका पाळीला होतो, पोरा. सँडविच खायला हातमोजे काढणारा अख्ख्या गोदीत तो एकटा. मार्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला मी चर्चमध्ये मागच्या बाकावर होतो. तू पुढे होतास. ह्याच स्वेटरात."

मेलो! म्हटलं, "पोलिसांना बोलावणार?" "कशासाठी? मीटर बरोबर आहे." मग हीटरच्या बटणाकडे बघून म्हणतो, "घड्याळं मागे गेली नाहीत अजून, नाही का?" आणि इतका हसला, इतका हसला, आणि मी... मी रडलो हो. वाकलेला होतो ना, सरळच होता येईना. जाताना खांद्यावर हात ठेवला त्याने. "एकदा सांगून टाक त्यांना. तू सांगितलं नाहीस म्हणून तो परत यायचा नाही."

सांगितलं. परत यंत्र, परत बाजा, परत रेकॉर्ड, आणि नशीब बघा, परत टॅमसिनच! "बोला, क्रेग!" म्हटलं, "क्रेग गेला." "कुठे?" "वारला. मार्चमध्ये. मी धाकटा, कीरन. तेव्हा खोटं बोललो, घाबरलो होतो." मला वाटलं, झालं, बटण दाबलं तिने, निघाली पोलिसांची गाडी. तर हळूच म्हणाली, "तुम्ही माझ्याशी बोलत होतात तेव्हा... मला वाटलंच होतं, आवाज फार लहान आहे." आणि म्हणाली, "मला वाईट वाटतं, कीरन." पाठ केलेलं वाक्य नव्हतं ते. कळतं आपल्याला.

मग तिने सगळं केलं. क्रेगचं खातं बंद. एका बटणात बंद! त्याच घराचं नवीन खातं, माझ्या नावावर. कागद पाठवा, म्हणाली, पाठवले. पैसे येतील, म्हणाली. मी वाट बघतोय, पट्टीवर काय लिहायचं तेसुद्धा ठरवलं होतं, 'क्रेग. अजून एक स्वेटर आहे की.' शेवटी मीच फोन केला. ह्या वेळी कुणीतरी पुरुष होता. म्हणतो, "साहेब, ते तर केव्हाच जमा केले! तुमच्या नवीन खात्यात."

"बँकेच्या?"

"नाही, आमच्या! हिवाळ्यासाठी."

हसा. मीही हसलो. फोन धरून जिन्यावर बसलो आणि हसलो. मग परत द्या म्हणायला तोंड उघडलं, आणि मनात आलं, अरे, आयुष्यभर ह्याने मला हीटर लावू दिला नाही, आणि आता लावेन तर त्याच्याच पैशाने! बाक कुठे पळून जात नाही. राहू देत, म्हटलं.

गेल्या रविवारी घड्याळं मागे गेली. मी उठलो, कायद्यात बसत होतं सगळं, बटण फिरवलं. हीटरच्या नळ्या कुरकुरल्या, कोटांना ऊब लागली आणि घरभर त्याचा वास सुटला. मी डोळे मिटून बसलो. वाटलं, आता जिन्यावरून ओरडणार, बंद कर ते!

कुणी ओरडलं नाही.

थोडा वेळ वाट बघितली. मग उठलो आणि मीच बंद केलं. अहो, अजून जानेवारी यायचाय!