पांढऱ्या दगडावरचा वाटा

दि. १९/०१/२०२५, वेळ सकाळी ११.२०

नाव धुळा सिद्धप्पा वाघमोडे, वय अंदाजे ५८ वर्षे, धंदा मेंढपाळ, रा. माळावरची वस्ती, ता. उत्तर सोलापूर. फोन नाही.

पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, मी पत्नी महानंदा हिच्यासह वरील ठिकाणी राहतो. आमची पंचेचाळीस मेंढरे आहेत. वस्तीला लागून शिवशरण यांचे शेत आहे. त्यांचा पाळीव कुत्रा विष खाऊन मेला, अशी त्यांची तक्रार आहे. ती खरी आहे. विष मी ठेवले होते.

दोन वर्षांपूर्वी माळावर प्लॉट पडले. तिकडच्या खड्ड्यात लोक कापलेल्या कोंबड्यांचा कचरा टाकतात, त्यावर मोकाट कुत्री माजली आहेत. दि. १६ रोजी दुपारी त्यांनी मेंढरांच्या वाडग्यात शिरून माझी सहा कोकरे फाडली. मला फार राग आला. त्याच संध्याकाळी पाचच्या सुमारास मी एका मेलेल्या कोकरात उसाला घालायचे विषारी दाणे भरले व ते खड्ड्याजवळ ठेवले. महानंदा म्हणाली, "आवो, दुसरं कुणी खाईल की." मी म्हणालो, "दुसरं कोण खातंय तितं?"

दि. १७ रोजी सकाळी सात वाजता जाऊन पाहिले. शिवशरण यांचा कुत्रा व एक लांडगी मरून पडली होती. मोकाट कुत्री आजही हिंडत आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसे झाले, आणि फाशी देणारा मीच.

लांडगीबद्दल तक्रारीत काही नाही. मी आपण होऊन सांगत आहे. तिचा डावा कान फाटका होता, त्यावरून आमच्या ओढ्याकडची तीच, हे ओळखले.

विष तिच्यासाठी ठेवले होते का, असे साहेबांनी विचारले. नाही. आमच्यात लांडग्याचा वाटा ठेवायची रीत आहे. आपसूक मेलेले कोकरू आम्ही पुरत नाही, ओढ्याकाठच्या पांढऱ्या दगडावर ठेवतो. चार वर्षांत तिने माझ्या वाडग्याला तोंड लावले नाही. मग खड्ड्याजवळचे ती खाईल असे वाटले नाही का, यावर सांगतो की, लांडगा माणसाच्या हाताचा वास आलेले खात नाही, असे वडील सांगत. म्हणून मी निर्धास्त होतो.

"मग धुळाबा, चार वर्सं दगडावरचं कुणाच्या हातचं खात होती ती?" असे साहेबांनी विचारले.

यावर सांगतो की, वाटा देवाचा असतो, त्याला हात नसतो, असे आम्ही समजतो. पण ठेवायला हात माझाच होता. तो वास तिला सवयीचा झाला असेल तर तिला मी मारले, की रीतीने मारले, हे मला समजत नाही.

तिची तीन पिल्ले ओढ्याच्या बिळात आहेत. बीळ आम्हा नवराबायकोलाच ठाऊक आहे. डोळे उघडलेत, पण अजून पितात. काल महानंदाने शेळीचे दूध वाटीत ठेवले. ती बाहेर आली नाहीत. आज पुन्हा ठेवू का, असे तिने विचारले, तर मी नको म्हणालो. न प्यायली तर मरतील. प्यायली तर माणसाच्या हाताचा हाच वास शिकतील, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या खड्ड्याजवळ जातील. साहेबांनी वन खात्याच्या लोकांना बोलावले आहे. त्यांना बीळ दाखवायला मी तयार आहे, फक्त लवकर यावे. माझ्यावर काय व्हायचे ते नंतर होऊ द्या.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. सही येत नसल्याने अंगठा देत आहे. अंगठ्याआधी हात धुऊन येऊ का, असे मी विचारले. साहेब म्हणाले, गरज नाही.