बॅगेमागून गेलेली पाहुणी

जबाब देणार: चष्मेवाल्या काकू (मंडळीत याच नावाने ओळख, कागदोपत्री नाव ठाण्यात वेगळे नोंदवले आहे). वय एकसष्ट. व्यवसाय: चष्म्याच्या दुकानात फ्रेम दुरुस्त करणे. राहणार: पाण्याच्या टाकीमागची गल्ली, तळमजला. घंटा बिघडलेली आहे, दार वाजवावे.

मी आज रविवारी संध्याकाळी आपण होऊन ठाण्यात येऊन समक्ष सांगते की, मी वरील ठिकाणी एकटी राहते. यजमान वारले, मुलगा परगावी असतो. बसस्थानकामागच्या चर्चची मी बरीच वर्षे सभासद आहे. तिथे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासना झाली की मागच्या हॉलमध्ये खुली बैठक भरते. बाहेरचा पाहुणा बोलावतात, त्याचे ऐकतात, मग सगळ्यांचा चहा होतो. आजवर तुरुंगातून सुटून आलेला सुतार, दुसऱ्या धर्माचे एक गुरुजी, नदीच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई असे पुष्कळ जण बोलून गेले. आमच्या वरच्या धर्माधिकाऱ्यांना हे फारसे रुचत नाही, पण उपासना चालवणाऱ्या आमच्या पाळकबाई कुणाला बधणाऱ्यांतल्या नाहीत. साहेबांनी मुद्द्यावर यायला सांगितले. मी मुद्द्यावरच आहे.

दारावर उभे राहण्याचे काम माझ्याकडे आहे. आमचा एक रिवाज आहे. येणाऱ्याला नाव, गाव, धर्म, कुणाबरोबर आलात, यातले काहीही विचारायचे नाही. 'या, बसा' एवढेच म्हणायचे. दुसरीकडे ज्यांची दारातच उलटतपासणी होते अशी माणसे आमच्याकडे येतात, म्हणून हा रिवाज. मला त्याचा फार अभिमान होता. दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही मी तो ऐकवत असे.

आजची पाहुणी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी आहे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये नोकरी करते. शेजारच्या शहरात एका बाईबरोबर तिचा संसार आहे. साहेबांनी 'संसार म्हणजे?' असे विचारले. म्हणजे दोघींचे घर एक, किराणा एक, आणि एक आजारी पडली की रजा दुसरीने टाकायची. पाहुणीच्या माहेरी हे मान्य नाही. जोडीदार बस चालवते. ती आता गणवेशातच बाहेरच्या बाकावर बसलेली आहे.

पाहुणीने फोनवर आधीच सांगितले होते की, जाहिरातीत माझा फोटो घालू नका. बैठकीच्या समितीने त्यावर तोडगा काढला आणि पाठमोरा फोटो घातला. लांब वेणी, खांद्यावर हिरवी बॅग. तो कागद बसस्थानकावर चिकटवला होता. पाठमोऱ्या माणसाला कोण ओळखणार, असे आम्हाला वाटले. ज्याने त्या पाठीवर शाळेचे दप्तर चढवले असेल तो ओळखेल, हे एकालाही सुचले नाही.

बैठक सुरू होण्याच्या जरा आधी एक गृहस्थ आले. वय साठीचे, दाढी गुळगुळीत केलेली, शर्ट इस्त्रीचा, चप्पल बाहेर नीट जोडून ठेवली. मी 'या, बसा' म्हटले. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या काडीचा स्क्रू ढिला होता, चष्मा सारखा नाकावर उतरत होता. माझ्या पर्समध्ये बारीक पेचकस कायम असतो. मी म्हटले, 'द्या इकडे, मिनिटाचं काम आहे.' जुना स्क्रू झिजला होता म्हणून नवा बसवला, काचा पुसून दिल्या. त्यांनी चष्मा लावून व्यासपीठाकडे पाहिले. पाहुणी तिथे माइकची उंची बघत होती. ते म्हणाले, 'आता स्पष्ट दिसतंय. देव तुमचं भलं करो.' ओळख पटवण्यासाठी सांगते: तपकिरी चौकोनी फ्रेम, जाड काचा, लांबचा नंबर, डाव्या कानशिलाशी चकाकणारा नवा स्क्रू. तो स्क्रू माझा आहे.

नवीन माणसाला आम्ही पुढच्या रांगेत बसवतो. त्यांनी नको म्हटले आणि खांबाच्या मागे बसले. बिचारे बुजत असतील, असे वाटून मी आग्रह केला नाही.

पाहुणी छान बोलली. आधी हसवले. 'मी लोकांना दात बसवून देते, हसायचं त्यांचं त्यांनी बघावं,' म्हणाली. मग घरचे सांगू लागली. तिचे शब्द मला आठवतात तसे सांगते: 'आमचे पप्पा कधी ओरडले नाहीत. कधी हात उगारला नाही. मी कशाला नाही म्हटलं, हटून बसले, की ते माझी बॅग उचलायचे आणि गाडीत जाऊन बसायचे. एक शब्द नाही. थोड्या वेळाने मी आपली बॅगेमागून गाडीत. कॉलेज कुठलं घ्यायचं तेसुद्धा असंच ठरलं. अजून कुणी माझी बॅग उचलली ना, की माझे पाय आपोआप चालायला लागतात.' यावर हॉल हसला. मीही हसले. पाळकबाईंनी तर डोळे पुसले.

पुढचे तिने हसत सांगितले नाही. जोडीदाराबद्दल घरी कळल्यावर तिला काकांच्या बर्फाच्या कारखान्यावर, माडीवरच्या खोलीत ठेवले होते. फोन काढून घेतला, बाहेरून कडी. खाली यंत्र रात्रंदिवस चालू असते, त्यामुळे वरून कितीही हाका मारल्या तरी खाली ऐकू जात नाहीत. तिथे झाडलोट करणाऱ्या एका बाईने कडी काढली म्हणून ती सुटली. त्या बाईला नंतर कामावरून काढले. कारखाना नदीवरच्या जुन्या पुलापलीकडे आहे, असे ती म्हणाली. साहेबांनी या ओळीखाली रेघ ओढावी. मी दोनदा विनंती केली, म्हणून तसे लिहिले आहे.

त्यानंतर चहा झाला. पाहुणीभोवती गर्दी होती. ते गृहस्थ मोरीपाशी पाठ करून उभे होते. त्यांनी आपला कप स्वतः विसळून पालथा घातला. आमच्या गायनवृंदातल्या एक बाई म्हणाल्या, 'असला माणूस आमच्या घरी नाही हो जन्माला आला.' बायका हसल्या.

आमच्याकडे पाहुणा लॉजवर उतरत नाही, कुणाच्या तरी घरी मुक्काम असतो. आज मुक्काम माझ्याकडे होता. पाहुण्याला घरापर्यंत सोडायचे काम ज्याच्या गाडीत जागा असेल त्याने करायचे, हीही पद्धत. पाळकबाईंनी नेहमीप्रमाणे सगळ्यांसमोर विचारले, 'पाहुणी टाकीमागे चष्मेवाल्या काकूंकडे जाणार आहे. कोण सोडतंय?' मोरीकडून हात वर झाला. 'माझ्या गाडीत जागा आहे,' ते गृहस्थ म्हणाले. पहिल्यांदाच आलेला माणूस इतका पुढे होतो याचे सगळ्यांना कौतुक वाटले. टाळ्या वाजल्या.

पाहुणी वळली. तिने त्यांना पाहिले. तिच्या हातात बिस्किट होते, ते तिने बशीत ठेवले. ती म्हणाली, 'नको, मी चालत जाईन.' पाळकबाई म्हणाल्या, 'अगं, आमच्याकडे पाहुण्याला चालवत नाहीत.' ती पुन्हा म्हणाली, 'खरंच, मी चालत जाईन.' सगळे म्हणाले, 'संकोच कसला!' मग तिने माझा हात धरला. म्हणाली, 'काकू, तुम्ही चला ना माझ्याबरोबर.' मी म्हटले, 'तू हो पुढे, मी एवढ्या कपबश्या आवरून आलेच.' आणि तिच्या हातावर थोपटले.

दरम्यान त्या गृहस्थांनी खुर्चीवरची हिरवी बॅग उचलली आणि काही न बोलता दाराबाहेर गेले.

पाहुणी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग त्यांच्या मागून गेली. कुणी तिला ओढले नाही, कुणी दटावले नाही. दार मीच धरून उभी होते.

गाडी पांढरी होती. नंबर पाहिला नाही. कुणाचे काही बघायचे नाही, हीच आम्हाला सवय.

मी घरी आले तेव्हा बाहेर कुणी नव्हते. रस्ता चुकले असतील असे वाटून टाकीपर्यंत जाऊन पाहिले. परत येऊन सूप गरम केले, मुलाच्या खोलीतल्या पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती ती पुन्हा सारखी केली. मन म्हणत होते, वाटेत काही घ्यायला थांबले असतील.

तेवढ्यात पाहुणीच्या जोडीदाराचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर पाहुणीनेच देऊन ठेवला होता. तिने विचारले, 'काकू, पोचली का ती? तिचा फोन बंद येतोय.' मी म्हटले, 'येतेच आहे. एका भल्या माणसाने गाडीत घेतलंय.' ती म्हणाली, 'कोण माणूस?' मला सांगता येईना. नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. मी चष्म्याचे वर्णन केले. मग तिने विचारले, 'बॅग कोणाच्या हातात होती?'

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाहुणीने माइकवर सगळे सांगितले होते. आम्ही शंभरेक माणसांनी ते ऐकले, हसलो, आणि तासाभरात तेच डोळ्यांदेखत घडले तेव्हा टाळ्या वाजवल्या. त्या पोरीने माझा हात धरला होता आणि मला कपबश्या दिसत होत्या.

मी पाळकबाईंना फोन केला. त्या सभासदांकडे पांढऱ्या गाडीची चौकशी करत फिरत आहेत. जोडीदार बसवरची पाळी अर्धवट टाकून आली. आम्ही दोघी मिळून ठाण्यात आलो. जोडीदाराचा जबाब घ्यावा असे मी म्हटले. साहेबांनी तिला नाते विचारले. तिने जे सांगितले ते ऐकून ते म्हणाले की, रक्ताचे किंवा लग्नाचे नाते असेल तर बघू, तोवर बाहेर बसा. म्हणून मी जबाब देत आहे. माझेही पाहुणीशी काही नाते नाही. तिच्यासाठी माझ्या घरी चादर घातलेली आहे, एवढेच.

साहेबांचे म्हणणे आहे की, मुलगी सज्ञान आहे, बापाबरोबर गेली म्हणजे घरी गेली, यात गुन्हा कुठे आहे. यावर माझे म्हणणे असे की, तिचे घर शेजारच्या शहरात आहे आणि पांढरी गाडी त्या रस्त्याला लागली असती तर तिचा फोन बंद नसता. तसेच मागच्या वेळी कडी काढणारी बाई आता तिथे कामावर नाही. तरी आजच्या आज बर्फाच्या कारखान्यावर गाडी पाठवावी. तिथे खालून हाक मारून उपयोग नाही, माडी चढावी लागेल.

सदर गृहस्थांना पाहिल्यास मी ओळखेन. यापुढे मी दारावर उभी राहीन की नाही ते मला आज सांगता येत नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मला कमी ऐकू येते, मोठ्याने वाचा आणि दार उघडे ठेवा, असे मी सांगितल्यावरून साहेबांनी मोठ्याने वाचला. मला कमी ऐकू येत नाही, हेही खरे म्हणून लिहून घ्यावे. वाचताना एका ठिकाणी 'पाहुणी स्वखुशीने वडिलांबरोबर निघून गेली' असे आले. तेव्हा बाहेरच्या बाकावरून जोडीदार म्हणाली, 'ती गेली नाही. बॅग गेली.' साहेबांनी तिला गप्प बसायला सांगितले. 'स्वखुशीने' असे मीही म्हटले नव्हते, सबब ते वाक्य माझ्यासमोर खोडून त्याजागी मी सांगितलेले लिहिले: 'त्यांनी बॅग उचलून नेली आणि पाहुणी बॅगेमागून गेली.' खोडलेल्या जागी माझी सही आहे. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि तो खरा आहे.