चाळीस दिवस आणि एक खुर्ची

तास! एक तास राहिला होता हो फक्त! चाळीस दिवस तोंडाला कुलूप लावून काढले आणि शेवटच्या तासाला, तेही चर्चमध्ये, ईस्टरच्या भर मिस्सेत, प्रार्थना चालू असताना चारशे माणसांसमोर... आणि वर बायको काय म्हणते माहितेय? "एवढं धरलं होतंत, अजून जरा धरलं असतं तर?" जरा! अहो, समोर फादर त्या खुर्चीवर बसत होते! म्हातारा माणूस, आत्ता आत्ता खुब्याचं ऑपरेशन झालेलं... पण थांबा, असं मधूनच सांगितलं तर तुम्हाला वाटेल हा माणूस वेडा आहे. तसा मी आहेही थोडा, पण तो विषय वेगळा.

आधी एक गोष्ट सांगून ठेवतो. मी देव मानत नाही. अजिबात नाही. माझे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, तेही मानत नव्हते. पण कॅथलिक घर आहे ना, मग नाताळला येशूजन्माचा गोठा मांडायचा म्हणजे मांडायचा, त्यात मेंढ्या अकराच हव्यात, एकदा मुलीनं हौसेनं बारावी आणली तर मी दोन दिवस धड झोपलो नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घ्यायची आणि दिवसभर पुसायची नाही, मग कामावर दहा जण का सांगेनात, "साहेब, काहीतरी लागलंय." मी देव मानत नाही, पण पद्धत म्हणजे पद्धत!

आमची शेजारीण बघा. देव मानणारी. शुक्रवारी मांस वर्ज्य, तरी ती बिनधास्त मटण खाते आणि म्हणते, "देव समजून घेतो." तिचं बरंय हो! तिला समजून घेणारा आहे! मला कोण आहे? बाबा शेवटच्या आजारपणात माझा हात धरून हेच म्हणाले, "बाळा, मानणारा चुकला तर त्याला देव माफ करतो. आपल्याला कोण करणार? म्हणून आपण चोख पाळायचं. मी एकदाही मोडलं नाही. तूही मोडू नकोस." त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षांत एक दिवस मोडला नाही मी. मला दुसरं काय त्यांनी ठेवलं होतं? ते दुकान तर कधीच बंद झालं.

तर उपवासकाळ. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत चाळीस दिवस आवडीची एक गोष्ट सोडायची. लोक काय करतात, आपली आपण निवडतात, साखर सोडली, मिठाई सोडली. आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडे तुमची गोष्ट घरच्यांनी निवडायची! बाबांनीच घालून दिलेली पद्धत. आजवर चहा सोडला, लोणी सोडलं, एका वर्षी दुपारची झोप सोडली, उभ्या उभ्या पेंगायचो पण आडवा झालो नाही. यंदा बुधवारी जेवणं झाली, बायको, मुलगी आणि आई, तिघींनी एकमेकींकडे पाहिलं... मला तिथंच कळायला हवं होतं... आणि मुलगी म्हणाली, "बाबा, यंदा तुम्ही कुरकुर सोडायची."

कुरकुर! मी? मी कुरकुर करतो? मी म्हटलं, ही काय सोडायची गोष्ट झाली, ही टेबलावरची साखर आहे का, आणि तीन माणसांनी आधीच ठरवून मत देणं हे कुठल्या कायद्यात... "बघा," आई म्हणाली, "सुरू झालं."

आता तुम्ही विचाराल, एवढं काय त्यात? अहो, मी काम काय करतो ते विचारा ना! मी खुर्च्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. सकाळी नऊपासून एकेका खुर्चीवर बसायचं, डुलायचं, वाकायचं आणि नावं ठेवायची. कंपनी मला नावं ठेवायलाच ठेवून घेते! मी मुलीला म्हटलं, निदान कामापुरती सूट? मुलगी वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. अगदी माझा आवाज काढून म्हणाली, "मी देव मानत नाही, पण पद्धत म्हणजे पद्धत!"

गेलो फादरांकडे. म्हटलं, फादर, नोकरीचा प्रश्न आहे, सोडवा. ते शांतपणे म्हणाले, "रविवार तसेही चाळिसांत धरत नाहीत, त्या दिवशी करा थोडी कुरकुर." पद्धतीत सुट्टी! मला ते पटेना. मग म्हणाले, "तुमचा विश्वास नाही ना? मग सोडून द्या सगळंच." मी म्हटलं, फादर, विश्वास असता तर कधीच सोडलं असतं! त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मला दारापर्यंत सोडायला आले.

मग सुरू झालं. नळ गळतोय... मूग गिळून गप्प. न्हाव्यानं एका कानावरचे केस काढले, दुसऱ्यावरचे विसरला... गप्प. दाताच्या डॉक्टरनं विचारलं, "दुखतंय?" आता दुखतंय म्हणणं ही तक्रार की माहिती? मी तोंड उघडं ठेवून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "तक्रार." मग काय, म्हटलं नाही दुखत, आणि त्या माणसानं इंजेक्शन न देता मशीन सुरू केलं हो! पाणी आलं डोळ्यांत, तर म्हणतो कसा, "तुमच्यासारखे पेशंट मिळत नाहीत."

पण माणूस मार्ग काढतो. मुलीनं एक सवलत दिली होती, स्तुती चालेल. सुपात मीठ नव्हतं, मी म्हटलं, पाणी काय सुंदर उकळलंय! बायको खूश. मग तेच कारखान्यात नेलं. आमच्याकडे प्रत्येक खुर्चीला चिठ्ठी असते, मी त्यावर 'नापास' लिहिलं की खुर्ची परत मिस्त्रीकडे जाते, नाहीतर थेट गाडीत. नापास तर लिहिता येईना. मग लिहिलं, 'या खुर्चीचे तीन पाय उत्तम आहेत.' कळायला नको का कुणाला? शहाण्या माणसाला कळायला नको, तीनच का म्हणतोय हा? 'पाठ इतकी मजबूत, की आसनाची उणीव भासत नाही.' गेल्या गाड्या! भरभरून गेल्या! आणि मी रोज घरी येऊन डोळे मिटून पडायचो, कुठे कोण आपटलं असेल, कुणाची कंबर गेली असेल... जीव टांगणीला, आणि बोलायची सोय नाही.

असं करत करत ईस्टर आला. आमचा नियम असा, मिस्सा संपून घरी चहा झाला की उपवासकाळ सुटला. मी मनात यादीच करून ठेवली होती, नळापासून सुरुवात करायची. पहिल्या रांगेत बसलो, वर पाहतो तर काय... वेदीजवळ फादरांसाठी नवी खुर्ची! आमची! आमच्याच कारखान्याची, तीच गडद पॉलिश, तोच वाकडा हात! 'तीन पाय उत्तम'वाली! प्रवचन संपलं, फादर वळले, काठी टेकत टेकत निघाले त्या खुर्चीकडे...

बाबांचे शब्द आठवले. बावीस वर्षं आठवली. आणि फादरांचा खुबाही आठवला. मी आधी स्तुतीनं प्रयत्न केला, उठून म्हटलं, "फादर, तुम्ही उभे असताना फार छान दिसता!" ते हसले, "धन्यवाद," म्हणाले आणि बसायला लागले! मग सुटलं हो. सगळं सुटलं. "बसू नका! भिकार खुर्ची आहे ती, चौथा पाय नुसता नावाला आहे, पॉलिश म्हणजे चिखल, आणि त्या मिस्त्रीला करवत कुणी दिली, आणि माझ्या घरचा नळ चाळीस दिवस गळतोय, सुपात मीठ नाही, दाढ अजून ठणकतेय, आणि हा ऑर्गन, हा ऑर्गन किती वर्षं बेसूर वाजतोय, कुणाला कान नाहीत का इथे!"

ऑर्गनवाल्या बाई रडायला लागल्या. आणि फादर बसले. सरळ बसले! अर्धे बसून झाले होते, उठणार कसे बिचारे? मी डोळे मिटले. काही आवाज नाही. उघडले, तर फादर आरामात बसलेत, चक्क मागे रेलून!

तेवढ्यात सातव्या रांगेतून आमचा मिस्त्री उठला. बायकोपोरांसकट आला होता. म्हणाला, "साहेब, अकरा वर्षांत तुम्ही माझ्या एका पायाला चांगलं म्हटलं नव्हतं. यंदा तीन तीन पाय उत्तम! मला इतकं भरून आलं, की गाडीत चढवायच्या आधी, जेवणाच्या सुट्टीत चौथेही बसवत गेलो. एक खुर्ची तशी नाही सोडली." आणि बसला. चारशे माणसांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मोडलं, तेही फुकट! अकरा वर्षं कुरकुर केली तीही फुकट!

घरी आलो, चहाला हात लावावासा वाटेना. खोटं कशाला बोलू, रडलो. आईला म्हटलं, बाबांनी आयुष्यभर मोडलं नाही, आणि मी एक तास नाही काढू शकलो. आई चहात पाव बुडवत होती. म्हणाली, "कोण, तुझे बाबा? अरे, ते गुरुवारच्या पुढे कधी गेले नाहीत."

कुठला गुरुवार?

"राखेच्या बुधवारनंतरचा. विड्या सोडायचे ना, दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मागे धूर. मी निवडून द्यायचे, ते मोडायचे. तू एवढा मनापासून पाळायचास, म्हटलं कशाला सांगा."

म्हणजे बघा! या अख्ख्या घराण्यात उपवासकाळ धडपणे पाळलेला एकमेव माणूस मी! बाबांना जाब विचारावा तर बाबा नाहीत. आईवर चिडावं तर ती ऐंशीची, शांतपणे दुसरा पाव घेतेय. इतकी मोठी, इतकी रास्त तक्रार जन्मात पहिल्यांदा हाताला लागली... आणि वर न्यावी तर वर कुणी नाही, हे मीच आयुष्यभर सगळ्यांना पटवत आलोय! मग काय करणार? म्हटलं, चला, निदान तुम्ही तरी ऐकायला बसला आहात.