करंटातली घाण

नारायणगावला जाणाऱ्या एसटीत ठकूबाई विहिरीच्या मोटरीचा स्टार्टर पोत्यात गुंडाळून बसल्या होत्या. मोटर दिवसा मधूनच बंद पडायची; दुरुस्तीची ही तिसरी खेप होती आणि इकडे कांदा सुकत चालला होता. पुढच्या बाकावर त्यांच्या शेताचा शेजारी दादाभाऊ आणि त्याचा कळंबचा मित्र आदेश यांचं स्पीकरवरून जुंपलं होतं.

“जाड तांब्याची वायर टाक, दादाभाऊ. आवाज लगेच खुलतो.”

“वायरीनं काय व्हत न्हाय, आदेश. खरी घाण करंटात असती.”

“करंटात कसली घाण, राव?”

“मोटरींची. शेतातल्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवर एक जरी मोटर चालू असली, तरी तबला फुटका वाजतो.”

“मग तू दिवसा ऐकतोस कसा?”

“आमच्या डीपीवर दोनच मोटरी. माझी बंद करतो.”

“आन् दुसरी?”

“तिचा फ्यूज काढून ठेवतो. दोन तास निवांत ऐकतो, परत बसवतो. कुणाला पत्ता न्हाय.”

“आन् फरक कळतो?”

“लई. गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो, भाऊ.”

ठकूबाईंनी उठून मागूनच ते पोतं दादाभाऊच्या मांडीवर ठेवलं.

“तुझा कान लई तिखट हाय, बाबा. यात काय बिघडलंय, तेवढं ऐकून सांग.”