दादाच्या गाडीचं तेल

तुमी मले नेहमी विचारता ना, दादा तुह्याशी काहून बोलत नाही? चहा घ्या, सांगतो.

शुगरनं दादाचा डावा पाय गेला, गुडघ्याखालून कापला. मंग त्याच्यासाठी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली, बिनक्लचची. दोन लाख किलोमीटर पळालेली, पण झेंडूची पोती टाकून दादा बार्शीटाकळीहून अकोल्याच्या फूलबाजारात एकटा जाये. कोणाच्या भरवशावर नव्हता.

मलेच किडा. म्हटलं, गिअरबॉक्सचं तेल बदलून घेऊ, गाडी अजून पाच वर्षं चालन.

मिस्त्रीनं तेल बोटावर घेतलं, वास घेतला. म्हणे, "जळलं हाये. आजवर कोणी बदललंच नाही, आता हात नका लावू. गिअरबॉक्सातल्या प्लेटा घासल्या, त्यायचा भुसा या तेलात हाये. त्याच्याच भरवशावर गिअर धरून राहिला, नवं तेल टाकलं तर सुटन."

मी म्हटलं, "असं काळं तेल ठेवते का कोणी? बदल तू."

"मंग इथं सही करा, तुमच्या जिद्दीनं केलं म्हणून."

केली.

दोन दिवस गाडी मस्त चालली. तिसऱ्या दिवशी फुलं भरली, दादा बसला, इंजिन नुसतं बोंबलून राहिलं अन् गाडी जागची हलेना.

मी अंगणात उभा राहून फोनवर मिस्त्रीले शिव्या देऊन राहिलो होतो. दादा गाडीतूनच म्हणे, "त्याले काहून बोलतं? सही तुही हाये."

मंग रिकाम्या पायजम्यावर हात ठेवून म्हणे, "पायाच्या वक्तीबी तूच केली होती."