सोलमध्ये घातलेलं गाऱ्हाणं

कोरियातून जत्रेला सुट्टी कशी मिळाली म्हणून विचारताय? देवाकडे मागितली. पण देवळात नव्हे.

सोलला ऑफिसचं जेवण झालं की सगळे मिळून गाण्याच्या खोलीत जातात. छोटीशी खोली, भिंतीवर पडदा, हातात माइक, आणि प्रत्येकाने गायचंच. आमचे किम साहेब ऑफिसात कधी हसत नाहीत, तिथे खंजिरी वाजवत नाचत होते! माइक माझ्याकडे आला. मला धड आरती सुरात येत नाही. ‘नको’ म्हटलं, तर सगळ्यांचे चेहरे पडले. नोकरी नवी, म्हटलं आता काय करायचं?

तेवढ्यात बाबा आठवले. आमच्या गावी, आचऱ्यात, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागायचं गाऱ्हाणं तेच घालतात. मी सगळ्यांना उभं केलं आणि शिकवलं, “मी थांबलो की ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओरडायचं.”

“बा देवा रामेश्वरा! ही जी पोरां आज हयसर जमली आसत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मला चेव चढला. “आणि माका जत्रेक धा दिवस सुट्टी गावांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज किम साहेबांचा.

दुसऱ्या दिवशी फोनवर बाबांना सांगितलं. वाटलं, पोट धरून हसतील.

ते म्हणाले, “सायब सोताच व्हय म्हणालो?”

“होय, पण तेका कळला खंय?”

“कळला नाय तर सांग तेका. देवासमोर व्हय म्हणान कोण फिरता? तू तिकीट काढ.”